शर्कीला गोलात उभं करावं का?

कर्यान, कासाब्लांका
१९ डिसेंबर १९५२

माआतीदादा,

आधी एवढं वाच. मी जिवंत आहे. आई जिवंत आहे. यामनाताई, तिचं तान्हं आणि तिचा नवरा शर्की, तिघंही जिवंत आहेत. आता खाली बस आणि बाकीचं वाच.

तुमच्या फ्रान्समधल्या पेपरांत काय छापलं असेल कोण जाणे. इथे संप पुकारला होता. पहिल्या संध्याकाळीच पोलिसांनी आपल्या वस्तीवर गोळ्या झाडल्या. पत्रा गोळी अडवत नाही, दादा. पलीकडच्या घरातली म्हातारी पावाचं पीठ मळत बसली होती, ती तशीच परातीत पालथी पडली. दुसऱ्या दिवशी लोक दगड घेऊन निघाले. मीही निघालो. पुढे फौज होती.

जे सापडले त्यांना आपल्या मैदानावर आणलं. हो, आपल्याच मैदानावर, जिथले खडे तू आणि शर्कीने हातांनी वेचले होते. शिपायांच्या दोन रांगा केल्या आणि मधून एकेकाला पळायला लावलं. दोन्ही बाजूंनी बंदुकीचे दस्ते. आपला अब्बास त्यात गेला. क्लबात त्याच्याइतका चपळ पाय कुणाचा नव्हता, पण त्या रांगांत पाय कामाला येत नाहीत.

मी वाचलो तो शर्कीमुळे. त्याने माझी मानगूट धरली, रंगाऱ्याच्या रिकाम्या पिंपात कोंबलं आणि झाकणावर बसून राहिला. शिपायाने विचारलं, आत कोण? शर्की म्हणाला, आत रंग. त्याला दस्ता बसला, पुढचे दोन दात गेले. रक्त थुंकत मला म्हणतो, "गोलकीपरला दात कशाला लागतात रे?"

क्लबला टाळं लावलंय. आपल्या लाल जर्सी त्यांनी पुरावा म्हणून नेल्या. रक्ताने भरलेल्या आहेत असं समजले की काय देव जाणे.

तुझा,
कबूर

---

खाण वसाहत, उत्तर फ्रान्स
११ जानेवारी १९५३

कबूर,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवलं नाही. अब्बासच्या आईला माझा सलाम सांग. नको, सांगू नकोस. जिवंत माणसाचा सलाम तिला बोचेल.

क्लबला टाळं लावलं म्हणतोस. तो काय त्यांनी सुरू केला होता? साखर कारखान्याच्या बारा जणांनी सुरू केला. पहिला चेंडू हमादी वस्तादने शिवला, त्याच्या शिंपीकामाच्या दुकानात, चामड्याच्या तुकड्यांचा; एका बाजूला तो इतका जड होता की सरळ मारला तरी डावीकडेच जायचा. तू तेव्हा एवढासा होतास. कागदावर अध्यक्ष म्हणून एक फ्रेंच डॉक्टर ठेवावा लागला, नाहीतर परवाना मिळाला नसता. बिचारा वर्षातून एकदा यायचा आणि चहा पिऊन जायचा. तळाच्या गटातून वर चढत चढत आपण चार वर्षांत पहिल्या गटाच्या दारात गेलो. पोलिसांच्या संघाला चार-एकने हरवलं, तेव्हा त्यांच्या कप्तानाने माझं नाक फोडलं. ते अजून वाकडं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

म्हणून सांगतो, टाळं लागू दे. लोखंड गंजतं. तुम्ही पळत राहा, सराव करा.

इथे मी जमिनीखाली कोळसा फोडतो. गेल्या आठवड्यात मुकादम आपल्या लोकांना उंदीर म्हणाला. मी त्याला फावड्याने मारलं. आठवडाभर कामावरून काढलं होतं. बरं वाटलं.

शर्कीला सांग, दात नसलेला गोलकीपर समोरच्याला हसवून गोल वाचवतो.

तुझा,
माआती

---

कर्यान
२३ ऑक्टोबर १९५३

दादा,

ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी आपल्या सुलतानाला विमानात घालून देशाबाहेर नेलं तेव्हापासून इथली हवाच बदलली आहे. क्लब उघडला, पण आपण होऊन आम्ही स्पर्धेतून नाव काढून घेतलं. त्यांच्या करंडकासाठी आपला शबाब कर्यान खेळणार नाही.

फ्रेंच सिगारेट आता कुणी ओढत नाही. ओढत नाही म्हणजे, ओढू देत नाहीत. कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्याला सांगून झालं, धमकावून झालं, शेवटी दुकान जाळलं. तो आत होता. बाजारात एकजण ओढताना सापडला, त्याचे ओठ कापले. मी बघितलंय.

हमादी वस्तादने आता वेगळा, लहान संघ बांधलाय. अकरांचा नाही, निवडक गड्यांचा. मी त्यात आहे. सामने मोठ्या पाहुण्यांशी असतात. तुला कळेल. पण एक अडचण आहे. तीन सामने झाले आणि तिन्ही वेळा समोरच्यांना आपली चाल आधीच ठाऊक होती. आपले चार गडी जखमी होऊन "मोठ्या दवाखान्यात" पडलेत, तिथे भेटायला जाऊ देत नाहीत. बूश्ता त्यातला एक.

वस्ताद म्हणतो, आतून कुणीतरी चाल सांगतोय. त्याचा डोळा शर्कीवर आहे. म्हणतो, गेल्या साली मैदानावर सगळे मेले किंवा आत गेले, हा दोन दातांवर कसा सुटला? मी म्हटलं, त्याने मला वाचवलं. वस्ताद म्हणाला, म्हणूनच तुला दिसत नाही.

तू शर्कीबरोबर लहानपणापासून खेळलास. बहीण आपण त्याला दिली, पण माणूस तूच ओळखतोस. शर्कीला गोलात उभं करावं का? नीट विचार करून लिही. वस्ताद तुझा शब्द मानेल. मीही मानेन.

कबूर

---

खाण वसाहत
१५ नोव्हेंबर १९५३

अरे कबूर,

छत कोसळून माझ्या दोन बरगड्या मोडल्या आहेत. खाटेवर पडून आहे आणि कंटाळून मेलोय. त्यात तुझं पत्र आलं. बराकीतल्या सगळ्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं. हसून हसून बरगड्या पुन्हा मोडल्या. तिकडे आग लागलीय आणि आमच्या वस्तादला गोलकीपरची काळजी!

शर्की? हा विचारायचा प्रश्न आहे? एका फ्रेंच सिगारेटच्या पाकिटासाठी तो माणूस आपला गोल खांबांसकट विकेल! पन्नास सालच्या अंतिम सामन्यात तो चेंडू त्याच्या हातातून निसटला नव्हता, त्याने सोडला. मी तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं होतं: हा विकला गेलाय. मोठ्या सामन्यात त्याच्यावर विसंबाल तर बुडाल. काढा त्याला. कायमचा बाहेर बसवा. वस्तादला सांग, माआती सही करून देतोय.

यामनाला हे वाचून दाखवू नकोस. ती परात घेऊन फ्रान्सपर्यंत येईल.

आपला करंडक कधी आणताय?

माआती

---

कर्यान
३ जानेवारी १९५४
(लिहून घेणारा मशिदीमागचा अल्लाल, शब्द यामनाचे)

माआतीदादा,

शर्की गेला.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो दगडखाणीकडे गेला होता. कुणीतरी बोलावलं होतं. मला म्हणाला, "मसूर शिजेपर्यंत येतो." मसूर शिजले, लागले, करपले. मग पोरं धावत आली.

तीन गोळ्या होत्या. दोन पाठीत, एक मानेत. दादा, त्याच्या तोंडात सिगारेटचं पाकीट कोंबलं होतं. जिथे दात नव्हते तिथून आत सारलं होतं. ते मी माझ्या बोटांनी काढलं.

त्या पाकिटाचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. प्रेत धुवायला कुणी आलं नाही. नळावर मी गेले की बाया हंडे उचलून बाजूला होतात. हनिया अजून नीट बोलतही नाही, तिला पोरं "विकाऊची पोर" म्हणतात. एकटा कबूर आला. त्याने कबर खणली, एकट्याने, हात सोलले त्याचे. मी त्याचा हात धरून म्हटलं, ज्याने हे केलं त्याला शोध. त्याने मान हलवली. मी म्हटलं, शपथ घे. त्याने घेतली.

तू लिही दादा. तुझं नाव इथे मोठं आहे. शर्की विकला गेला नव्हता, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तू चार ओळी लिही, मी त्या मशिदीबाहेर वाचून घेईन.

यामना

---

खाण वसाहत
३१ जानेवारी १९५४

कबूर,

यामनाचं पत्र आलं. काय लिहू?

बाकी काही नाही, तो चिमटे काढत हसायचा तेवढंच डोळ्यांपुढे येतंय. हे पोलिसांचं काम आहे. मारलं त्यांनी आणि पाकीट कोंबून नावही घालवलं. दोन वेळा मारलं त्याला. मी यामनाला चार ओळी नव्हे, चार पानं लिहिली आहेत. वाचून घे म्हणावं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं.

तू तिला आणि हनियाला आपल्या घरी आण. आणि तू घेतलेली शपथ माझीही धर. कोण होता ते कळव. मी येतो. बरगड्या सांधल्या आहेत.

आणि कबूर, मागच्या पत्रात मी त्याच्यावर जी थट्टा केली ती फाडून टाक. मेलेल्या माणसावरची थट्टा घरात ठेवू नये.

माआती

---

कर्यान
९ एप्रिल १९५४

दादा,

हे पत्र टपालाने येत नाही. जो आणतोय तो तुमच्या खाणीत भरती व्हायला येतोय, त्याला काही विचारू नकोस.

शोधू नकोस. येऊ नकोस. ती चार पानं मी यामनाताईला वाचून घेऊ दिली नाहीत.

तू लिहिलंस, थट्टा. तुझं पत्र वस्तादने सगळ्यांसमोर वाचलं. दोनदा वाचलं. "विकला गेलाय. कायमचा बाहेर बसवा. माआती सही करून देतोय." मी त्याआधी तीन आठवडे शर्कीच्या बाजूने भांडत होतो. त्यानंतर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. वस्ताद म्हणाला, त्याचा सख्खा मेहुणा सांगतोय, आता कोण नाही म्हणतो? कुणी म्हटलं नाही.

त्याला दगडखाणीकडे बोलावणारा मी होतो.

देशासाठी झालं ते. तो चाल सांगत होता. आता बंद होईल.

क.

---

खाण वसाहत
२ मे १९५४

कबूर,

मी फुटबॉलबद्दल लिहिलं होतं! गाढवा, मी फुटबॉलबद्दल लिहिलं होतं!

पाहुणे म्हणजे फ्रेंच, दवाखाना म्हणजे तुरुंग, लहान संघ म्हणजे तुम्ही बंदूकवाले, सगळं आता नीट वाचतोय आणि भिंतीवर डोकं आपटतोय. तू इतकं स्पष्ट लिहिलं होतंस आणि मी बराकीत खाटेवर पडून लोकांना हसवत होतो. तू माझ्याकडे माणसाचा जीव ठेवला होतास आणि मी त्यावर विनोद केला.

पन्नास सालचा तो गोल. ऐक. पाऊस होता. आदल्या दिवशी कारखान्यात शर्कीचं उजवं मधलं बोट यंत्रात सापडून मोडलं होतं. चिंधी मीच बांधली. मीच म्हटलं, कुणाला सांगू नकोस, नाहीतर वस्ताद खेळवणार नाही. ओला चेंडू मोडक्या बोटावर आला आणि सुटला. त्यानंतर मी त्याला "विकला गेलास" म्हणून चिडवायचो, तो मला "वाकड्या नाकाचा" म्हणायचा. एवढंच होतं ते. आम्ही दोघं मरेपर्यंत चिडवत राहिलो असतो.

तू म्हणतोस आता बंद होईल. बंद झालं का? सांग मला. शर्की मेल्यावर तुमच्या चाली फुटायच्या थांबल्या का?

माआती

---

कर्यान
२० मे १९५६

दादा,

तुझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र मला आत्ता मिळालं. आईने ते न फोडता गादीखाली ठेवलं होतं. आई गेली हे तुला ताईने कळवलंच असेल. मी तुरुंगात होतो, मला आठवड्यानंतर सांगितलं.

तू विचारलं होतंस, थांबलं का. नाही थांबलं. शर्कीला पुरल्यावर चार महिन्यांत मला पकडलं. झोपेतून उचललं, बंदूक कुठे पुरलीय ते त्यांना जागेसकट माहीत होतं. नखं उपटली. पाण्यात बुडवलं. मी बोललो नाही, पण माझ्या बोलण्याची त्यांना गरजच नव्हती.

आता स्वातंत्र्य आलं आणि आम्हाला सोडलं. बूश्ता माझ्याबरोबरच सुटला. दारातून बाहेर पडताना त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, त्रेपन्न साली मला मारत होते तेव्हा शेजारच्या खोलीत कुणीतरी चहा पीत होतं. चहा गोड नाही म्हणून कुरकुर करत होतं. तो आवाज मी मैदानावर सात वर्षं ऐकलाय. तो हमादी वस्ताद होता.

तू समजलास ना? चाल सांगणारा तो होता. संशय त्याच्यावर येऊ लागला, म्हणून त्याला शर्की हवा होता. आणि शर्कीला मारायला माझ्यासारखा घरातलाच हवा होता, म्हणजे कुणी पुढे विचारणार नाही.

आता दगडखाणीचं ऐक. हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी शर्कीला म्हटलं होतं, तुझ्याशी बोलायचंय. तो आला, हातात संत्रं होतं, सोलत होता. अर्धं मला दिलं. माझ्या मागे खडकाआड आमचा दुसरा माणूस होता. शर्कीने त्याच्या हातातली बंदूक पाहिली. आणि दादा, त्याला वाटलं ती माझ्यासाठी आहे. तो ओरडला, "कबूर, खाली हो!" आणि माझ्यावर झेपावला, जसा चेंडूवर झेपावायचा तसा, सगळं अंग पसरून. मला खाली पाडून वर पडून राहिला. गोळ्या त्याच्या पाठीत शिरल्या. मला त्याच्या अंगातून त्यांचा धक्का बसला. तो माझ्या कानात म्हणत होता, "हलू नकोस, हलू नकोस." मग त्या माणसाने जवळ येऊन मानेत गोळी मारली. पाकीटही त्यानेच कोंबलं.

परवा आम्ही हमादीला त्याच्या दुकानातून ओढून काढलं. तो म्हणाला, त्यांनी माझ्या मुलाला पकडलं होतं, मी काय करणार होतो? बूश्ता म्हणाला, न्यायाधीशापुढे नेऊ. पण तोवर गर्दी जमली. मैदानावर नेलं. तिथेच, जिथे त्याने मला चेंडूला लाथ मारायला शिकवलं. पहिला दगड मी मारला. मग मोजणारं कुणी नव्हतं. नंतर पेट्रोल आणलं गेलं. बायका आणि लहान पोरंही बघत होती. तो बराच वेळ हलत होता. मला वाटलं होतं की शर्कीचं ओझं उतरेल. नाही उतरलं. फक्त कपड्यांना वास लागला.

ताई मला जेवायला वाढते. म्हणते, हमादीनेच शर्कीला मारलं ना? तू शपथ पाळलीस. माझ्या डोक्यावरून हात फिरवते. मी जेवतो.

क्लब पुन्हा सुरू झालाय. मला कप्तान केलंय.

कबूर

---

खाण वसाहत
१४ जून १९५६

कबूर,

तिला सांग.

शर्की तुझ्या अंगावर पडून मेला आणि तू त्याच्या बायकोच्या हातचं जेवतोस, ती तुझ्या डोक्यावरून हात फिरवते. पुढचा घास कसा उतरतो तुझ्या घशाखाली?

तिला माझंही सांग. माझं पत्र, त्यातले शब्द, माझी सही. काही गाळू नकोस. मला वाचवू नकोस.

हमादीला न्यायाधीशापुढे नेलं असतं तर शर्कीचं नाव चारचौघांत धुऊन निघालं असतं. तुम्ही साक्षीदारच जाळलात. आता ते नाव धुणारा तू एकटा उरला आहेस.

हिवाळ्याच्या आत सांग. नाहीतर मी सांगेन. मी यायला निघेन आणि तिच्या दारात उभा राहून सांगेन. मला त्याची भीती वाटते, म्हणून तू आधी सांग.

माआती

---

कर्यान
२५ नोव्हेंबर १९५६

माआतीदादा,

हे अक्षर माझं आहे. उन्हाळ्यात मशिदीत बायकांना लिहायला शिकवलं. चुका असतील.

गेल्या रविवारी शबाब कर्यानने करंडक जिंकला. बंदरावरच्या संघाला दोन-एकने हरवलं. कबूरने दुसरा गोल मारला. त्याला खांद्यावर घेऊन लोकांनी वस्तीभर फिरवलं. बायकांनी छपरांवरून चिरक्या आवाजात ललकाऱ्या दिल्या. मीही दिल्या. हनिया त्याच्या मागे पळत होती, "माझा मामा, माझा मामा" करत.

संध्याकाळी तो लाल जर्सीतच माझ्याकडे आला. मी भाजलेल्या मिरच्या आणि लसूण कुटत बसले होते. तो समोर बसला. पाय लांब केले, कारण दुखत होते. म्हणाला, "ताई, मी बोलणार आहे. मधे थांबवू नकोस."

मी थांबवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. तुझं पत्र, वस्ताद, संत्रं, "खाली हो", गोळ्या, पाकीट. तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं. मी शेवटी एकच विचारलं, "शर्कीला कळलं का, की तू बोलावलं होतंस ते कशासाठी?" तो म्हणाला, "नाही. त्याला वाटलं तो मला वाचवतोय."

माझ्या हातात पितळी बत्ता होता. मी तो त्याच्या नडगीवर घातला. तो हलला नाही. मग पुन्हा घातला. किती वेळा ते मला माहीत नाही. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, कोंबडीचं मोडतं त्यापेक्षा मोठं. तो पाय मागे घेऊ शकत होता, दादा. दार त्याच्या पाठीशी होतं. त्याने घेतला नाही. ओठ चावून धरला होता, तो फाटला. हनिया किंचाळली तेव्हा मी थांबले.

शेजारी आले. तो म्हणाला, "पडलो." मी म्हटलं, "मी मारलं." तो म्हणाला, "पडलो."

हाडवैद्याने फळ्या बांधल्या. म्हणाला, चालेल, पण पळणार नाही. क्लबवाले मला शिव्या देऊन गेले. कप्तान मोडला त्यांचा. मग शुक्रवारी कबूरने चौघांना सांगून स्वतःला हातगाडीवर घालून घेतलं आणि मैदानावर न्यायला लावलं. लोक करंडक बघायला जमले होते. तिथे त्याने बोलून टाकलं. "शर्कीने कुणाची चाल सांगितली नव्हती. त्याला मी बोलावलं. तो माझ्यावर पडून मेला." काही लोक त्याच्यावर थुंकले. एकाने गाडी उलटवली. बूश्ताने त्याला पुन्हा उचलून आणलं. अब्बासची आई जमिनीवर बसून रडत होती, शर्कीच्या नावाने, तीन वर्षांनी.

त्याच दुपारी नळावरच्या बाया माझ्या दारात कुसकुसचं ताट घेऊन आल्या. तीन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं ते. मला वाटलं, फेकून द्यावं त्यांच्या अंगावर. पण हनिया ताटाकडे बघत होती. आम्ही जेवलो.

कबूर त्याच्या पत्र्याच्या घरात पडून आहे. आई नाही, बायको नाही, पाणी द्यायला कुणी नाही. मी रोज नेते. सूप त्याच्या उशाशी ठेवते आणि निघते. बोलत नाही. तोही नाही. उद्याही नेईन. का ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

आता तू. कबूरने तुझं काही गाळलं नाही. तुझे शब्द मला त्याच्या तोंडून ऐकायला लागले. मी दोन रात्री ते मनात म्हणून बघितले. तू थट्टा केलीस हे मला कळतं. शर्की असता तर हसला असता, हेही कळतं. त्यामुळेच जास्त राग येतो.

तू येणार असं कबूरला लिहिलं होतंस. ये. रागाने नाही म्हणत, खरंच ये. माझा उजवा हात बत्त्याने सुजलाय, तुझ्यावर उचलणार नाही. पण माझ्यापुढे रडू नकोस आणि माफ कर म्हणू नकोस. ते ज्याने ऐकायचं तो नाही, आणि त्याच्या वतीने मी काही बोलणार नाही.

मी दार उघडीन. पाय धुवायला पाणी देईन. जेवायला वाढीन. त्यापुढचं मला अजून माहीत नाही.

यामना